खिशातलं नाव

माधवने मोबाइल माझ्या पँटच्या मागच्या खिशाजवळ नेला आणि दोन सेकंदांत माझं अख्खं नाव भिंतीवर आलं. वर कार्डाचा नंबर, त्याखाली मुदत संपण्याची तारीख, त्याखाली नाव. शुक्रवारची दुपार, खराडीच्या ऑफिसातली सहाव्या मजल्यावरची बैठकीची खोली. सोमवारी बँकेची माणसं येणार म्हणून आमचा सराव चालला होता आणि पडदा ओढायचा कंटाळा म्हणून प्रोजेक्टर सरळ भिंतीवर सोडला होता. अक्षरं वीतभर उंच. बुद्धभूषण धोंडिबा जाधव. या ऑफिसात मी सहा वर्षं भूषण आहे. गळ्यातल्या ओळखपत्रावर भूषण जाधव, मेलवर भूषण जाधव, चहाच्या मगावर मार्करने भूषण. पूर्ण नाव एचआरच्या फायलीत आहे, पण ती फाइल वाचायला कोण जातंय? "अरेच्चा," माधव म्हणाला, "तू बुद्धभूषण होय! सहा वर्षं आम्हाला अर्धाच पुरवलास की." टीममधले आठ जण बसले होते, त्यातले दोघं-तिघं हसले. त्या हसण्यात काही नव्हतं. शपथेवर सांगतो, काहीही नव्हतं. तरी मी घाईघाईने पाकीट पुढच्या खिशात घातलं. आणि माधवला एकदा विनोद सापडला की तो खरवडून संपवल्याशिवाय चैन पडत नाही. त्याने डोळे मिटले, दोन बोटं कपाळाला लावली आणि म्हणाला, "थांब, पिनही सांगतो. एक, चार, शून्य, चार. चौदा एप्रिल. बरोबर?"

बरोबर होता. अठरा वर्षं माझा प्रत्येक पिन हाच आहे. बाबासाहेबांच्या जयंतीची तारीख, दिवस आणि महिना, बस्स. मी हसलो. "छे रे, काहीतरीच काय," म्हणालो. आवाज इतका साधा निघाला की माझं मलाच कौतुक वाटलं आणि लगेच किळस आली. माधवने डोळे उघडले, "चुकलं?" विचारलं. "चुकलं," मी म्हणालो. मग त्याने खांदे उडवले आणि लॅपटॉपकडे वळून म्हणाला, "म्हणजे नऊपैकी नऊ चुकले. मग पान सोळा गेलं." त्या वाक्याचा अर्थ मला त्या खोलीत कळला होता. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी पाण्याची बाटली उघडली.

आमचा धंदा माणसांची कार्डं चोरांपासून राखण्याचा. पट्टीची कार्डं जाऊन चिपची आली, मग नुसतं टेकवलं तरी पैसे जाणारी आली, आणि लोकांच्या मनात भीती बसली की पीएमटी बसच्या गर्दीत कुणी खिशाला यंत्र घासून सगळं लुटून नेईल. तितकं सोपं नाही. पण अगदी खोटंही नाही. चिपला कुणी विचारलं की ती उत्तर देते. विचारणारा कोण हे ती बघत नाही. नंबर देते, तारीख देते, आणि या बँकेच्या कार्डांमध्ये तर कुणा शहाण्याने नावही बिनतारी वाचता येईल असं ठेवलेलं. म्हणून आम्ही चंदेरी अस्तराची पाकिटं वाटतो, भाषणं देतो, "कार्ड झाकून ठेवा" असं मी वर्षाला दोनशे वेळा म्हणतो. बँकेला दाखवायच्या सादरीकरणातलं पान सोळा माधवचं होतं. त्याचं म्हणणं असं की, खरी भानगड नंबराची नाही, नावाची आहे. पुढे कार्ड मारलं तर पिन लागतो, एटीएम तीन प्रयत्न देतं आणि नाव कळलं की आपल्याकडे तीन प्रयत्न पुष्कळ झाले. त्याने स्वतःवरूनच सुरुवात केली होती. तो सदाशिव पेठेतला; त्याचा, वडिलांचा आणि दोन काकांचा पिन म्हणजे घरनंबर. "आम्ही कशाला तारखा खर्च करू? चार आकडी घर आयतं आहे," म्हणायचा. आणि तो घरनंबर चौघांच्याही पाकिटातल्या पत्त्याच्या कार्डावर छापलेला. दिव्याखाली अंधार! पण स्वतःचं उदाहरण पुराव्यात धरत नाहीत. दुसऱ्याच्या नावावरून एक तरी पिन ओळखून दाखवला, तरच बँक चिपमधलं नाव काढणार होती आणि असे सहज ओळखता येणारे नंबर बंद करणार होती. त्याने एक ओळखला होता. मी नाही म्हटलं होतं.

शनिवारी सकाळी मी खोटं खरं करायला निघालो. साधा हिशोब होता: पिन बदलून टाकायचा, म्हणजे सोमवारी कुणी विचारलं तरी माझं म्हणणं खरं. मी मांजरीला राहतो. सोसायटीच्या फाटकापाशी एटीएम आहे आणि समोर अजून उसाचा एक पट्टा उभा आहे, बिल्डरचा आणि भावाभावांचा खटला मिटेपर्यंत तो तसाच राहणार. आत एसी बंद, कचऱ्याच्या डब्यात पावत्या. मी कार्ड घातलं, मोबाइलवर आलेले आकडे टाकले आणि यंत्र म्हणालं, कृपया नवीन पिन निवडा. मी चटकन एक चार दाबले, मग एक, मग शून्य, आणि हात मागे घेतला. चौदा ऑक्टोबर. दीक्षेचा दिवस. रद्द. पुन्हा कार्ड, पुन्हा आकडे. एक नऊ पाच सहा. ते तर त्याच दीक्षेचं साल. रद्द. शून्य सहा एक दोन, सहा डिसेंबर, तेही महापरिनिर्वाण. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, सुरक्षेतला तज्ज्ञ म्हणवणारा, आणि मला जगात चार आकडे सुचत नव्हते जे आमच्या घरातले नाहीत. बायकोचा वाढदिवस सुचला, तो कुणालाही कळतो. गाडीचा नंबर, तो गाडीवरच लिहिलेला. बाहेरून कुणीतरी काचेवर किल्लीने टकटक केलं. "आपल्याला आणखी वेळ हवा आहे का?" यंत्राने बाईच्या आवाजात, शुद्ध मराठीत विचारलं, आणि तो आवाज कानावर पडताच मी आकड्यांवरचं बोट उचललं. हाच आवाज मी एका सकाळी चौतीस वेळा ऐकला होता.

तो दोन महिन्यांपूर्वीचा रविवार. विश्रांतवाडीला आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाल्यावर आईने मला पुढे केलं. सगळ्या बायकांना बँकेची नवी चिपची कार्डं आली होती. हीच बँक, आमची गिऱ्हाईक. कुणी झाडूखात्यातून निवृत्त, कुणी विधवा पेन्शनवर, कुणी अजून धुण्याभांड्याला जाणारी. नव्या कार्डाला नवा पिन लावायचा होता आणि एटीएमच्या आत एकटं जायला सगळ्या घाबरत होत्या. मी काय त्या दिवशी भाव खाल्ला! एकेकीला आत नेलं, प्रत्येकीला चंदेरी पाकीट दिलं, कार्ड कसं झाकायचं ते शिकवलं, नंबर दाबताना दुसरा हात वर कसा धरायचा ते दाखवलं. पहिल्याच नंदामावशी होत्या, आमच्या शेजारच्या, मला मांडीवर खेळवलेल्या. यंत्राने पिन निवडा म्हटल्यावर त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कंचा ठिऊ रं?" आणि मी, मी हो, दुसरं कुणी नाही, म्हणालो, "चौदा एप्रिल ठेवा मावशी. कधी विसरणार नाही." त्यांचा चेहरा असा काही फुलला! बाहेर येऊन त्यांनी तिथंच जाहीर केलं, आणि मग पुढच्या प्रत्येकीने तोच ठेवला. प्रत्येकीच्या वेळी मी पाठ फिरवून उभा राहिलो. नियम म्हणजे नियम, दुसऱ्याचा पिन बघायचा नाही. चौतीस कार्डं, सगळ्यांचा एक नंबर, आणि चंदेरी पाकीट विसरलं की नाव कुणीही चार बोटं अंतरावरून खिशातून, पिशवीतून, ब्लाउजमधल्या बटव्यातून वाचावं असं. हे मी केलं होतं. आणि हे दुरुस्त होण्याची एकच वाट म्हणजे पान सोळा, तीही मीच बंद केली होती. काचेवर पुन्हा टकटक झाली. "झोपलात का हो आत?" बाहेरचा म्हणाला. मी काही न बदलता बाहेर आलो.

घरी येऊन मी कपाट आवरायला घेतलं आणि जुन्या गोष्टी आठवत बसलो. नाव तोडलं ते मीच, हे कबूल करायला हवं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला सदाशिव पेठेत खोली बघत होतो, सात घरं झाली होती. सातही ठिकाणी नाव विचारलं, मी पूर्ण सांगितलं, आणि सातही ठिकाणी कुणी काही वाईट बोललं नाही. तेच तर आहे. "आमचा भाचा येणार आहे", "खोली द्यायची असं अजून ठरलं नाही", "पाटी काढायची राहिली बघा". पाटी काढायची राहते! वर्षानुवर्षं राहते. आठवं घर आनंदीबाईंचं. त्यांनी दार अर्धं उघडून विचारलं, "नाव?" आणि माझ्या तोंडून निघालं, "भूषण." "भूषण कोण?" "जाधव." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. जाधव काय, कुणीही असतं. "कुठले तुम्ही?" "साताऱ्याकडचे," मी म्हणालो, आणि तेही खोटं नव्हतं. खोली मिळाली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसा मी जिना चढलो. तीन दिवस मी खूश होतो, हे मला आजही आठवतं आणि लाज वाटते.

आमचे दादा, म्हणजे वडील, टपाल खात्यात पत्रं वर्गीकरणाला होते. आडनावाआधी नाव, नावाआधी पिनकोड, दिवसाला हजार पत्ते डोळ्यांखालून जायचे. पंधरा दिवसांनी मला बघायला आले. आनंदीबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. "भूषणचे वडील का?" त्यांनी विचारलं. दादांनी वर माझ्याकडे पाहिलं. मी जिन्यात उभा होतो. एक क्षण असा गेला की तेव्हा मी मेलो असतो तरी चाललं असतं. "हो," दादा म्हणाले, "भूषणचाच." खोलीत येऊन पाणी प्यायले, अभ्यासाचं विचारलं, गेले. नावाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. आणि पुढच्या आठवड्यापासून मला पोस्टकार्डं यायला लागली. पाकीट नाही, आंतर्देशीय नाही, पोस्टकार्ड, कुणीही वाचावं असं. वर मधोमध जय भीम, खाली ठसठशीत अक्षरात चिरंजीव बुद्धभूषण यास, आणि मजकूर काय, तर प्रकृती ठीक आहे, तुझ्या प्रकृतीस जप. दर आठवड्याला एक. मी पोस्टमनच्या वेळेला खाली पळायचो, लेक्चर बुडवून. सहा आठवडे साधलं. सातव्याला कार्ड माझ्या आधी आनंदीबाईंच्या हातात पडलं. त्यांनी ते मला दोन बोटांत धरून दिलं आणि म्हणाल्या, "परीक्षेनंतर खोली रंगवायची आहे." बास, एवढंच. परीक्षेला पाच महिने होते; पंधरा दिवसांत त्यांनी रंगारी आणला. मी दादांशी भांडलो. "तुम्ही मुद्दाम केलंत," म्हणालो. "हो," ते म्हणाले, "मुद्दामच ठेवलंय तुझं नाव." मी त्यांच्याशी दोन महिने बोललो नाही. आता ते नाहीत, आणि मला ते दोन महिने परत आणता येत नाहीत. पुढे पहिला पगार, पहिलं कार्ड, तेव्हा मी पिन तो ठेवला. नाव अर्धं करून नंबर पूर्ण ठेवला. कुणाला दिसत नव्हता ना, म्हणून ठेवला! मोठा स्वाभिमान, खिशातल्या खिशात.

रविवारी मी विश्रांतवाडीला गेलो ते मनाशी ठरवून, की बँकेला मध्ये आणायचं नाही, आपणच जाऊन एकेकीचा पिन बदलून द्यायचा, म्हणजे सोमवारी गप्प बसायला मोकळा. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. वंदना संपली. मी उभा राहिलो आणि सांगितलं की, मागच्या वेळी मी सुचवलेला नंबर बदलायचा आहे. "का बरं?" कुणीतरी विचारलं. मी भाषण सुरू केलं, चिप, यंत्र, बिनतारी. समोर चेहरे कोरे. मग म्हणालो, "अहो, नाव वाचून कुणीही ओळखेल." "काय वळखंल?" नंदामावशींनी विचारलं. "आपण कोण ते." मावशींनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "मंग वळखू दे की," त्या म्हणाल्या. "त्यात झाकायचं काय हाय? मी काय कुणाची पोरगी पळवली?" बायका हसल्या. मी म्हणालो, "मावशी, तसं नाही, नंबर ओळखला की पैसे जातील." "आसं होय! मंग पैशे जातील म्हन ना. तवाधरनं वळखतील वळखतील करतोय." आणि हसणं थांबवून त्या माझ्याकडे रोखून बघायला लागल्या. "चोराला भ्यावं रं बाळा. वळखीला कशापायी भ्यायचं?"

कुठल्याही सभेत मी इतका उघडा पडलो नव्हतो. त्या दोन गोष्टी, चोरी आणि ओळख, माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत एकच झाल्या होत्या. कार्ड झाकून ठेवा असं मी लोकांना सांगत होतो तेव्हा काय झाकायला सांगत होतो, देव जाणे. पुढचा तास एटीएमपाशी गेला. चौतीसपैकी अकरा जणी आलेल्या. बाकीच्या कुणी गावी, कुणी लेकीच्या बाळंतपणाला, कुणी कामावर. त्या अकरांतल्या चौघींचे मोबाइल घरी. दोघी म्हणाल्या, आमच्या धाकट्या बहिणीनेही हाच ठेवलाय, पलीकडच्या विहारात. "तिकडं तर समद्यांचाच हाय," एकजण अभिमानाने म्हणाली. मी तिथं फुटपाथवर उभा राहून बघत होतो. किती विहारं, किती गावं, किती आया! मी कुठं कुठं पुरणार होतो? आणि ज्यांचा सगळ्यांत आधी बदलला त्या नंदामावशी आतून बाहेर येऊन मला म्हणाल्या, "ह्या येळी तुला इचारला न्हाई. तुजं ऐकून एकदा चुकलं तेवढं बास."

दुपारी आईकडे जेवलो. तिने मेथी निवडायला घेतली होती, मी समोर बसून काड्या वेगळ्या करत होतो. तिने माझा चेहरा बघितलाच असणार. "ऑफिसात काय झालं?" तिने विचारलं. मी सांगितलं. भिंत, नाव, माधव, नंबर. "ओळखला? नावावरनं?" ती जवळजवळ खूश झाली. "हुशार दिसतोय. मग तू काय म्हणालास?" "चुकला म्हणालो." तिचे हात थांबले. "खोटं बोललास?" "हो." "कशापायी?" मी म्हणालो, "आई, तुला नाही कळायचं. तिथं कुणी वाईट नाही, पण एकदा कळलं की मग ते बोलताना जपून बोलतात. किंवा मग कौतुक करतात. काहीही चांगलं केलं की, वा, तू असून! मला नको आहे ते. मला काम करायचंय." तिने मेथीची जुडी बाजूला सारली. मग म्हणाली, "मला नाही कळायचं? मी बत्तीस वर्षं शाळेत शिपाई होते. माझा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवायच्या तिथल्या बाया, पण तांब्यावर नाव मी घालून घेतलं होतं. आनंदीबाई नव्हती का तुझी ती? तशा छप्पन्न आनंदीबाया बघितल्या." तिने निवडलेली भाजी चाळणीत टाकली. "मला एक सांग. त्या बायकांचे पैसे गेले, तर तू कुणाचं नाव सांगशील?" मला रडू आलं. तिच्यासमोर, एक्केचाळिसाव्या वर्षी, मेथीच्या काड्या हातात घेऊन मी रडलो, आणि तिने मला गप्प केलं नाही.

सोमवारी अकराला बँकेची माणसं आली. पाच जण, आणि त्यांच्या प्रमुख कल्याणी मॅडम, बारीक चणीच्या, स्वतःचा लॅपटॉप स्वतः उचलून आणणाऱ्या. आल्या आल्या म्हणाल्या, "ठरला होता एक तास. आमच्याकडे पन्नास मिनिटं." माधवने मोबाइल फिरवला, बँकेच्याच एका साहेबांचं कार्ड वाचून दाखवलं, ते साहेब खिसा चाचपत हसले. पाकिटं झाली, अंतर झालं, गर्दी झाली. माझ्याकडे मधली चार पानं होती, ती मी वाचली, काय वाचलं कुणास ठाऊक. पंधरावं पान झालं आणि भिंतीवर सतरावं आलं. कल्याणी मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "सोळावं कुठंय?" "काढलं मॅडम," माधव म्हणाला. "नावावरून पिन ओळखता येतो असं गृहीतक होतं. नऊ जणांवर करून बघितलं, एकही बरोबर आला नाही." "मग अनुक्रमणिकेतूनही काढायचं होतं," मॅडम म्हणाल्या आणि पान उलटलं. "पुढे."

"एक बरोबर आला होता," मी म्हणालो. माझा आवाज मला लांबून आला. सगळ्या माना वळल्या. माधव म्हणाला, "कुठला रे?" "माझा. तू सांगितलास तोच." "तू नाही म्हणालास ना पण." "खोटं बोललो." माधवच्या चेहऱ्यावर विनोद आला नाही. पहिल्यांदाच आला नाही. "अरे, पण का? मला काय वाटलं असतं?" तो म्हणाला, आणि त्याला खरंच लागलं होतं. "तेच मला माहीत नव्हतं," मी म्हणालो, "आणि विचारायची भीती वाटली." मग मी उभा राहिलो. टेबलाला धरलं. माझं नाव बुद्धभूषण धोंडिबा जाधव, म्हणून सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. नावावरून धर्म कळतो, धर्मावरून तारीख. विहार, चौतीस बायका, त्यांना हा नंबर कुणी सुचवला तेही. बँकेतला एक जण दुसऱ्याच्या कानात काही बोलला; काय बोलला ते मला आजही माहीत नाही. मी सांगत राहिलो. आमच्यासारखेच बाकीचेही आहेत, म्हणालो, शिवजयंती ठेवणारे आहेत, एकशे आठच्या आधी शून्य लावून ठेवणारे आहेत, घरनंबर ठेवणारे आहेत, माणूस जे विसरू शकत नाही तेच ठेवतो. कार्डातलं नाव काढा. आणि हे नंबर बंद करा, म्हणजे ज्यांनी ठेवलेत त्यांना यंत्रच बदलायला लावेल. मी घरोघर पुरा पडणार नाही.

कल्याणी मॅडमनी कसलाही शेरा मारला नाही. शाबास नाही, अरेरे नाही. त्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन. त्यांनी प्रोजेक्टरला जोडलेला लॅपटॉप जवळ ओढला, नवं पान उघडलं, वर मथळा टाकला, तो भिंतीवर दिसला: न स्वीकारायचे क्रमांक. "माधवची यादी नंतर घेऊ," म्हणाल्या. "तुम्हाला खात्रीने माहीत असलेले आधी तुम्ही सांगा. मी टाइप करते. एकदा इथं गेले की पुन्हा कुणाला घेता येणार नाहीत, हे लक्षात ठेवा. पहिला?" भिंतीवर पांढऱ्यावर काळी रेघ लुकलुकत होती. आता उद्या जी कुणी बाई जयंतीचे चार आकडे दाबेल, तिला यंत्र त्या शुद्ध आवाजात सांगणार होतं की, हा क्रमांक स्वीकारता येत नाही. आईलाही सांगणार होतं. दुसरं कुणी सांगितलं असतं तर मी टेबल उलथून टाकलं असतं. ते माझ्या तोंडून जायचं होतं, कारण मला ते माहीत होतं, आणि मला त्या बायकांचे पैसे राखायचे होते.

"एक, चार, शून्य, चार," मी म्हणालो.

त्यांनी टाइप केलं. भिंतीवर आकडे आले.

"पुढचा?" त्यांनी विचारलं.